चौकटीच्या कागदावरची नक्षी
संख्यांची जाळी, संगणकाचा पडदा आणि न सुटलेली कोडी

सभा लांबत चालली, वक्त्याचे भाषण संपण्याची चिन्हे दिसेनाशी झाली, की श्रोत्यांच्या हातातील पेन्सिली आपोआप कागदावर फिरू लागतात. कोणी वेलबुट्टी काढतो, कोणी वक्त्याचे नाक. १९६३ साली एका वैज्ञानिक सभेत स्टॅनिस्लाव उलाम या पोलिश-अमेरिकन गणितज्ञावर असाच प्रसंग आला. त्यांनी कागदावर आडव्या-उभ्या रेषा मारल्या. बुद्धिबळाचे एखादे कोडे रचावे, असा त्यांचा पहिला विचार होता. पण तो बाजूला ठेवून त्यांनी मधोमध १ लिहिला आणि त्याच्याभोवती वळसे घेत २, ३, ४ असे आकडे मांडीत ते बाहेर गेले. मग त्यातील मूळ संख्यांना, म्हणजे १ आणि स्वतः याखेरीज कोणत्याही संख्येने भाग न जाणाऱ्या संख्यांना, त्यांनी खुणा केल्या. त्या खुणा कागदभर विखुरल्या जातील, अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात त्या तिरप्या रेषांत उभ्या राहू लागल्या.

उलाम हे साधे असामी नव्हते. अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केलेले, 'मॉंटे कार्लो' या नावाने प्रसिद्ध असलेल्या गणनपद्धतीचे ते एक जनक. लॉस अॅलॅमॉस येथील प्रयोगशाळेत परतल्यावर त्यांनी मायरन स्टाइन आणि मार्क वेल्स या सहकाऱ्यांच्या मदतीने तीच जाळी 'मॅनिअॅक-२' या संगणकाकडून काढून घेतली. या यंत्राच्या चुंबकीय फितीवर पहिल्या ९ कोटी मूळ संख्या साठविलेल्या होत्या. सुमारे ६५ हजार संख्यांपर्यंतचे चित्र पडद्यावर उमटले, तेव्हा तिरप्या रेषा विरल्या नव्हत्या. तशाच पुढे चालल्या होत्या. मार्च १९६४ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणितरंजनाच्या सदरात ही हकीकत सांगितली आणि 'उलामची नागमोड' जगभरच्या हौशी गणितप्रेमींच्या वहीत जाऊन बसली.

ही जाळी कोणालाही करून पाहता येते. तिचा मधला भाग असा:

१७ १६ १५ १४ १३
१८ ५ ४ ३ १२
१९ ६ १ २ ११
२० ७ ८ ९ १०
२१ २२ २३ २४ २५

यात १९, ७ आणि २३ या तीन मूळ संख्या एका तिरप्या रेषेत आहेत. १३ आणि ३ यांची रेषा मधल्या १ मधून जाऊन ७ ला भेटते. जाळी जसजशी वाढवावी, तसतशा अशा रेषा अधिक ठळक होतात.

रेषा येतात कोठून?

यातील काही भाग अगदी सोपा आहे. जाळीत लागोपाठच्या संख्या शेजारी-शेजारी येतात. म्हणजे सम-विषम, सम-विषम अशी मांडणी बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे होते. सगळ्या विषम संख्या एकाच रंगाच्या घरांत पडतात आणि २ सोडली तर प्रत्येक मूळ संख्या विषमच असते. पटावरचा उंट जसा आपल्या रंगाची घरे सोडून जाऊ शकत नाही, तशा मूळ संख्याही तिरप्या वाटा सोडू शकत नाहीत. त्यामुळे थोडाफार तिरपेपणा कोणत्याही विषम संख्यांच्या गर्दीत दिसणारच. जाणकार म्हणूनच एक पडताळा घेतात. जितक्या मूळ संख्या, तितक्याच दाटीने यादृच्छिक विषम संख्या निवडून त्यांची जाळी काढायची आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवायची. तिरपेपणाचा आभास दोन्हीकडे असतो. मात्र खऱ्या चित्रात काही रेषा विलक्षण दाट आणि काही जवळजवळ कोऱ्या राहतात. हा भेद यादृच्छिक चित्रात सापडत नाही.

कोऱ्या रेषांचे कारण बीजगणितात आहे. १, ९, २५, ४९ ही रेषा विषम संख्यांच्या वर्गांची. तेथे मूळ संख्या येणे शक्यच नाही. ३, १५, ३५, ६३, ९९ ही रेषा पाहावी. या सगळ्या संख्या वर्गातून एक वजा करून मिळतात आणि शाळेत शिकलेल्या सूत्रानुसार अशा संख्येचे दोन अवयव पडतात : १५ म्हणजे ३ गुणिले ५, ३५ म्हणजे ५ गुणिले ७, ६३ म्हणजे ७ गुणिले ९. पहिली ३ सोडली तर ही रेषा कायमची कोरी.

दाट रेषांची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. जाळीतील प्रत्येक तिरपी रेषा म्हणजे एक वर्गपदी सूत्र असते. अशा सूत्रांपैकी सर्वांत गाजलेले लिओनार्ड ऑयलर यांच्या नावावर आहे. ते त्यांनी १७७२ मध्ये नोंदविले. त्याचे आज प्रचलित असलेले रूप असे : कोणतीही संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, त्यात तीच संख्या मिळवावी आणि वर ४१ मिळवावेत. शून्यापासून सुरुवात केली तर ४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१ अशी उत्तरे येतात आणि ३९ पर्यंतच्या प्रत्येक संख्येला उत्तर म्हणून मूळ संख्याच मिळते. शेवटचे उत्तर १,६०१. ४० या संख्येला मात्र माळ तुटते. उत्तर येते १,६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१.

उलामच्या जाळीत मध्यभागी १ ऐवजी ४१ लिहिला, तर ४० गुणिले ४० घरांच्या चौकोनाचा एक कर्ण या टोकापासून त्या टोकापर्यंत केवळ मूळ संख्यांनी भरून जातो. एकही घर सुटत नाही. त्याचे कारण बाकीच्या हिशेबाने कळते. या सूत्राला २ ने भाग जात नाही, कारण लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार नेहमी सम आणि त्यात ४१ मिळविले की विषम. ३ ने भागले तर बाकी १ किंवा २ उरते, शून्य कधीच नाही. ५ चे पाच प्रकार आणि ७ चे सात प्रकार तपासले तरी तेच. ४१ पेक्षा लहान असलेली एकही मूळ संख्या या सूत्राच्या उत्तराला भागू शकत नाही. लहान भाजकांचे सगळे दरवाजे बंद झाल्यामुळे या रेषेवर मूळ संख्यांची दाटी होते. १ कोटीपर्यंतच्या एकूण संख्यांत मूळ संख्या ६,६४,५७९ आहेत, म्हणजे शंभरात सातसुद्धा नाहीत. या सूत्रातून त्याच मर्यादेत येणाऱ्या उत्तरांपैकी मात्र जवळजवळ निम्मी उत्तरे मूळ निघतात.

या नक्षीची चाहूल उलाम यांच्या आधी तीस वर्षे आणखी एकाला लागली होती. लॉरेन्स क्लाउबर हे अमेरिकेतील खुळखुळ्या सापांचे नामांकित अभ्यासक. त्यांनी १९३२ मध्ये गणितज्ञांच्या एका सभेत संख्यांची त्रिकोणी मांडणी सादर केली होती आणि तीतही मूळ संख्या विशिष्ट रेषांवर गोळा होत होत्या. त्यांच्या हाताशी संगणक नव्हता, आणि ती मांडणी लोकांच्या नजरेत फारशी भरली नाही.

चित्र म्हणजे एक तक्ताच

मॅनिअॅकसारखे यंत्र त्या काळी एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेलाच परवडणारे होते. १९८८ मध्ये 'मॅथेमॅटिका' बाजारात आले. 'मॅटलॅब' आणि 'मेपल' ही सॉफ्टवेअर्स अभियांत्रिकी महाविद्यालयांतून रुळली. २००५ मध्ये 'सेज' हे पूर्णपणे मोफत गणिती सॉफ्टवेअर उपलब्ध झाले. आज घरातल्या संगणकावर कोणीही काही मिनिटांत उलामपेक्षा कितीतरी मोठी जाळी विणू शकतो.

त्यामागची कल्पना ओळी आणि रकाने यांच्यापलीकडे जात नाही. प्रत्येक घराला दोन आकडे असतात, ओळीचा आणि रकान्याचा. त्या दोन आकड्यांवरून एक उत्तर काढण्याचा नियम ठरवायचा आणि उत्तरानुसार घराला रंग द्यायचा. सॉफ्टवेअर हजारो घरांसाठी तोच हिशेब न कंटाळता करते आणि आकड्यांच्या जागी रंगाचे ठिपके दाखविते. कचेऱ्यांतून जमाखर्चासाठी वापरल्या जाणाऱ्या एक्सेलमध्येही हे जमते. बाकी काढण्याचे सूत्र भरावे आणि घराचा रंग उत्तरानुसार बदलावा, अशी सूचना द्यावी, झाले.

उदाहरणार्थ, १०० ओळी आणि १०० रकाने घेऊन ज्या घरात ओळ व रकाना यांचा मसावि १ येतो, ते घर काळे करावे. दृष्टान्त बागेचा घेता येईल. चौकटीच्या प्रत्येक छेदबिंदूवर एक झाड लावले आहे आणि पाहणारा बागेच्या कोपऱ्यात उभा आहे. पुढच्या झाडाआड न लपलेली, थेट दिसणारी झाडे नेमकी हीच काळी घरे. १०,००० घरांत अशी ६,०८७ घरे असतात. बाग अमर्याद वाढविली, तर हे प्रमाण ६०.७९ टक्क्यांकडे जाते आणि त्याचे अचूक मूल्य आहे ६ भागिले 'पाय'चा वर्ग. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर झाडांच्या सरळ रांगांत येऊन बसावे, हे चित्र पाहूनही पटत नाही. पण येथे सिद्धता भक्कम आहे. तिच्या मुळाशी ऑयलर यांनीच सोडविलेली वर्गांच्या व्यस्तांची बेरीज आहे.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे. छंदशास्त्रकार पिंगल यांच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली. लघु-गुरू अक्षरांच्या किती रचना होतात, हे मोजण्यासाठी त्याने 'मेरुप्रस्तार' सांगितला. टोकाला १, आणि खालच्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. युरोपात तोच पुढे पास्कलचा त्रिकोण म्हणून ओळखला गेला. या मेरूतील विषम संख्यांची घरे काळी आणि सम संख्यांची पांढरी ठेवली, तर त्रिकोणात त्रिकोण, त्याच्या आत पुन्हा त्रिकोण अशी अखंड जाळी दिसते. पोलंडचे वाक्लाव शेर्पिन्स्की यांनी १९१५ मध्ये वर्णिलेली आकृती ती हीच. पहिल्या ६४ ओळींत २,०८० घरे असतात आणि त्यांपैकी ७२९ काळी. म्हणजे ३५ टक्के. १,०२४ ओळी घेतल्या तर काळी घरे ११ टक्क्यांच्या थोडीच वर उरतात. मेरू जितका उंच, तितका तो विरळ आणि सम होत जातो.

देवळालीचे गणितशिक्षक

गार्डनर यांनी उलामच्या जाळीनंतर अकरा वर्षांनी, मार्च १९७५ मध्ये, त्याच सदरात एका मराठी माणसाची ओळख जगाला करून दिली. ते होते देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांनी १९४९ मध्ये जाहीर केलेला ६१७४ हा स्थिरांक महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे. चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करावे. जे उरेल त्यावर पुन्हा हीच क्रिया. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतोच आणि आला की तेथेच थांबतो. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशा बरोबर सात पायऱ्या लागतात.

आता याची जाळी. ओळ म्हणजे संख्येचे पहिले दोन अंक, ००पासून ९९पर्यंत. रकाना म्हणजे शेवटचे दोन. १०,००० घरांत प्रत्येक संख्येला लागणाऱ्या पायऱ्यांनुसार रंग भरले की पडद्यावर सतरंजीसारखी नक्षी उमटते आणि ती दोन्ही कर्णांभोवती तंतोतंत समरूप असते. पहिल्या कर्णाचे कारण असे की १९०५ आणि ०५१९ यांचे अंक तेच. क्रम लावल्यावर फरक उरत नाही. दुसऱ्या कर्णासाठी आणखी एक गोष्ट लागते. प्रत्येक अंक ९ मधून वजा केला, म्हणजे १९०५ चे ८०९४ केले, तरी अंकांमधील अंतरे तीच राहतात आणि वजाबाकीचे उत्तर बदलत नाही. ११११, २२२२ अशा थाटाचे, म्हणजे चारही अंक सारखे असलेले दहा ठिपके तेवढे मुख्य कर्णावर कोरे राहतात.

या चित्राने आणखी एक गुपित फोडले आहे. त्यात रंगांचे मोठे एकसारखे पट्टे का येतात, याचा शोध घेतला तर लक्षात येते की पहिली वजाबाकी दोनच गोष्टींवर अवलंबून असते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकातील अंतर, आणि मधल्या दोन अंकांतील अंतर. पहिल्या अंतराला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली की उत्तर तयार. त्यामुळे जवळजवळ दहा हजार संख्या पहिल्याच पायरीला अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात. एवढ्या ५४ संख्या हाताने तपासल्या की कापरेकरांचा सिद्धांत पूर्ण सिद्ध होतो. चित्राने प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर वहीच्या दोन पानांत मावले.

डोळ्यांवर किती विश्वास?

प्रत्येक वेळी इतके सुदैव लाभत नाही. जाळीची रुंदी बदलली की नक्षी बदलते, हा पहिला धोका. सहा रकान्यांचा तक्ता केला तर २ आणि ३ वगळता सगळ्या मूळ संख्या केवळ दोन रकान्यांत उभ्या राहतात. तीस रकान्यांत सुरुवातीच्या २, ३, ५ सोडून आठ रकाने भरतात. नवख्याला हा मोठा शोध वाटतो. वास्तविक रकान्यांची संख्या २, ३, ५ यांच्या पटीत निवडल्यामुळे तो आपोआप घडलेला परिणाम असतो.

दुसरा धोका अधिक खोल आहे. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्या आणि १ बाकी उरणाऱ्या मूळ संख्या यांची शर्यत लावली, तर ३ बाकीचा गट सतत पुढे किंवा बरोबरीत दिसतो. १ बाकीचा गट पहिल्यांदा आघाडी घेतो तो थेट २६,८६१ या संख्येला. त्याआधी थांबणाऱ्याने चुकीचाच निष्कर्ष काढला असता. हंगेरियन गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांचे १९१९ मधील अनुमान तर याहून बोलके आहे. २ पासून कोणत्याही मर्यादेपर्यंत पाहिले, तर मूळ अवयवांची संख्या विषम असलेल्या संख्या निम्म्यांपेक्षा कमी कधीच नसतात, असे ते अनुमान. १९५८ मध्ये ते खोटे ठरले आणि ज्या संख्येपाशी ते सर्वप्रथम मोडते, ती आहे ९०,६१,५०,२५७. आजच्या १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एका ठिपक्याला एक संख्या अशी ओळीने मांडणी केली, तर ४३६ पडदे पूर्ण भरेपर्यंत कोठेही चूक दिसणार नाही. ती दिसेल ४३७ व्या पडद्यावर, तळापासून सातव्या ओळीत.

उलामच्या दाट रेषांबाबत नेमकी हीच अडचण आहे. १९२३ मध्ये हार्डी आणि लिटलवुड यांनी कोणत्या सूत्रावर मूळ संख्यांची किती दाटी असावी, याचा अंदाज देणारे सूत्र मांडले. संगणकाने तपासलेले आकडे त्याच्याशी सुरेख जुळतात. पण ते आजही अनुमानच आहे. इतकेच नव्हे, तर एका चलाच्या कोणत्याही वर्गपदी सूत्रातून अनंत मूळ संख्या मिळतात, हे अद्याप कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. वर्गात १ मिळवून मिळणाऱ्या २, ५, १७, ३७, १०१ या साध्या मालिकेविषयीचा प्रश्न एडमंड लांडाऊ यांनी १९१२ मध्ये केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मूळ संख्यांसंबंधीच्या चार अनुत्तरित प्रश्नांत घातला होता. हेन्रिक इवानिएट्स यांनी १९७८ मध्ये एवढे दाखविले की या मालिकेत जास्तीत जास्त दोन मूळ अवयव असलेल्या संख्या अनंत आहेत. दोनाचा एक करणे अजून साधलेले नाही.

म्हणजे ऑयलर यांची रेषा पडद्यावर कितीही दूर नेली तरी ठिपक्यांनी भरलेली दिसते. ती पुढे कोठेतरी कायमची कोरी पडणार नाही, याची हमी मात्र आजच्या गणितापाशी नाही. शाळकरी मुलाला मूळ संख्या शिकवायच्या असतील, तर शंभरापर्यंतचा तक्ता खोडण्याबरोबर एक चौकटीचा कागद त्याच्या हाती द्यावा आणि मधल्या घरात ४१ लिहायला सांगावे. पहिल्या काही वळशांतच कर्ण दिसू लागेल. तो कोठवर जाईल, हे मुलाने विचारले, तर चाळीस घरांपर्यंतचे उत्तर देता येईल.